डेपोतली राख आणि काळं पाणी: वळवाच्या आधी हाती घ्यायची कामं

साताऱ्याचा सोनगावचा डेपो असो, सांगलीचा समडोळी रस्त्यावरचा असो की मिरजेचा बेडग रस्त्यावरचा, कचऱ्याच्या ढिगावर बोलणं होतं ते बहुतेक धुरावरून आणि वासावरून. धूर लांबून दिसतो, तक्रार होते, बंब येतो, आग विझते. मागे उरते ती राख आणि तिच्यावर ओतलेलं पाणी. हे दोन्ही ढिगाच्या पायथ्याशी एकत्र येतं आणि उताराने ओढ्याकडे निघतं. त्याची तक्रार करायला कुणी येत नाही, कारण विहिरीपर्यंत पोचायला त्याला काही महिने, कधी काही वर्षं लागतात.

नगरपालिकेचे अभियंते, आरोग्य निरीक्षक, मुकादम, डेपोचे ठेकेदार आणि डेपोच्या खालच्या अंगाला ज्यांची विहीर आहे असे शेतकरी यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुढच्या सगळ्या कामांमागे एकच सूत्र आहे: राखेची आणि वाहत्या पाण्याची गाठ पडू द्यायची नाही. ज्याला हे जमलं त्याचा निम्म्याहून अधिक खर्च वाचला, कारण एकदा दोन्ही मिसळलं की ते वेगळं करणं लहान नगरपालिकेच्या आवाक्यात राहत नाही.

एकत्र आल्यावर नेमकं काय होतं

कचरा जाळला की कागद, कापड, प्लास्टिक जातं. शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त, क्रोमियम हे धातू जळून नाहीसे होत नाहीत. १०० किलो कचऱ्यातले धातू उरलेल्या २०-३० किलो राखेत गोळा होतात. भट्टीच्या तळाला पडते ती जाड राख आणि धुराबरोबर वर जाऊन फिल्टरमध्ये अडकते ती उडती राख. उडती राख वजनाने थोडी असते, पण कॅडमियम, पारा आणि डायॉक्सिन (प्लास्टिक वगैरे जळताना तयार होणारी विषारी संयुगं) तिच्यातच जास्त सापडतात. म्हणून या दोन राखा एका ढिगात कधीच घालायच्या नाहीत.

ताज्या राखेचा सामू (पीएच) ११-१२ पर्यंत असतो, म्हणजे चुन्यासारखी तीव्र अल्कधर्मी. उलट ओला कचरा कुजायला लागला की पहिल्या काही महिन्यांत त्यातून आम्लं सुटतात. शिशाची अडचण अशी, की ते दोन्ही टोकांना विरघळतं: खूप आम्ल पाण्यातही आणि खूप अल्कधर्मी पाण्यातही. मधल्या सामूला, साधारण ८ ते १० च्या आसपास, ते बरंचसं जागेवर बसून राहतं. राख ओल्या कचऱ्यावर पसरली की आम्लाला धातू आयते मिळतात. त्यातच राखेतला कॅल्शियम काळ्या पाण्यातल्या, म्हणजे कचऱ्यातून झिरपून निघणाऱ्या पाण्यातल्या, कार्बोनेटशी जुळतो आणि बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर धरतो तसला पांढरा कडक थर निचऱ्याच्या पाइपात धरतो. पाइप तुंबले की पाणी ढिगातच साचतं, आणि साचलेलं पाणी तळातून वाट काढतं.

बऱ्याच ठिकाणी राख ही फुकटची माती समजून रोजच्या कचऱ्यावर झाकण म्हणून पसरतात. वास कमी होतो, माश्या कमी होतात, म्हणून ते बरंही वाटतं. ही सवय सगळ्यात आधी बंद करा. रोजच्या झाकणाला १० सेंटीमीटर मातीचा किंवा मलब्याच्या चुऱ्याचा थर द्या.

पहिलं काम: राख येते कुठून याची यादी

आमच्याकडे मोठी भट्टी नाही, मग राख कुठली, असं उत्तर नगरपालिकेत हमखास मिळतं. पण नीट पाहिलं तर डेपोवर राख चार-पाच वाटांनी येते. शाळा-वसतिगृहांतली आणि नगरपालिकेची सॅनिटरी पॅड जाळायची यंत्रं. मेलेली जनावरं जाळायची भट्टी असेल तर ती. रस्ता झाडून कोपऱ्यावर पेटवलेला पालापाचोळा. हॉटेलं, बेकऱ्या आणि छोट्या कारखान्यांचे बॉयलर. आणि खुद्द ढिगाला लागलेली आग.

या सगळ्या राखा सारख्या नसतात. उसाच्या चिपाडाची किंवा लाकडाची निव्वळ राख तुलनेने निर्धोक असते. तिला वेगळं ठेवलं तर तिचा उपयोग होतो, इतर राखेत मिसळली तर तीही वाया जाते. पॅडच्या यंत्रातली राख मात्र संशयितच धरा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी भट्टीसाठी दुसऱ्या कक्षात किमान ९५० अंश सेल्सिअस तापमान आणि वायू तिथे किमान २ सेकंद राहण्याची अट घातली. भिंतीवर टांगलेल्या विजेच्या छोट्या यंत्रात ही अट पाळली जाणं अवघड असतं. राखेत अर्धवट काळे तुकडे दिसत असतील तर ज्वलन पुरतं झालेलं नाही. त्याच नियमांनी राख भाजल्यावर वजनात होणारी घट ५ टक्क्यांच्या आत असावी असं सांगितलं होतं. प्रयोगशाळेत ही तपासणी स्वस्तात होते.

दवाखान्यांचा कचरा जाळल्याची राख नगरपालिकेच्या डेपोवर घेऊच नका. तिची वाट वेगळी आहे आणि जबाबदारीही वेगळ्या यंत्रणेची आहे. ट्रॅक्टरवाला "थोडीच आहे, साहेब" म्हणाला तरी नाही.

दुसरं: गार करणं आणि साठवणं

राखेच्या पोटात निखारा दोन-दोन दिवस जिवंत राहतो. डेपोच्या कित्येक आगी बाहेरून आणलेल्या गरम राखेतूनच लागत असणार. झाकणाच्या लोखंडी ड्रममध्ये किमान दोन दिवस ठेवा, मग उलथून बघा, मग हलवा. धूळ उडू नये म्हणून हलकं पाणी शिंपडायला हरकत नाही, पण निथळेल इतकं नको. ओली राख हवाबंद ड्रममध्ये भरायची नाही. राखेत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक तुकडे असतात. अल्कधर्मी ओलीत त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि बंद ड्रम फुगतो. झाकण ठेवा, पण सैल.

साठवणीची जागा म्हणजे सिमेंटचा कोबा, वर पत्रा, तिन्ही बाजूंनी कमरेएवढी भिंत, समोर वीतभर उंचवटा आणि कोपऱ्यात छोटा हौद. ढोबळ अर्थाने हे खत ठेवायचं शेडच, फक्त त्यातून बाहेर पाणी जाता कामा नये. तळाची राख इथे दोन-तीन महिने मुरू दिली तर तिचा फायदा होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तिचा सामू खाली येतो आणि शिसं बरंच घट्ट बसतं. उडत्या राखेला मात्र हा उपाय पुरत नाही. ती दुहेरी पोत्यात, लेबल लावून, वेगळी.

राख हाताळणाऱ्याला एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, गमबूट आणि डोळ्यांवर चष्मा द्यायलाच हवा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक राख अडवत नाही, आणि घामाने ओल्या झालेल्या कातडीवर ताजी राख चुन्यासारखी पोळते. डेपोवर हात-पाय धुवायला स्वच्छ पाण्याचा नळ नसेल तर या लेखातलं बाकी काही करण्याआधी तो बसवा.

तिसरं: नमुना आणि तपासणी

ढिगाच्या वरवरून मूठभर उचलून पाठवलेला नमुना निरुपयोगी. आठ-दहा ठिकाणांहून, वरून-मधून-तळातून खोऱ्याने राख घ्या आणि स्वच्छ ताडपत्रीवर एकत्र कालवा. गोल चपटा ढीग करा, फावड्याने त्याचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका, उरलेले दोन पुन्हा कालवा. एक-दोन किलो उरेपर्यंत हेच करत राहा. प्रत्येक स्रोताचा नमुना वेगळा.

प्रयोगशाळेला नुसतं "हेवी मेटल" सांगू नका, टीसीएलपी मागा. या चाचणीत राख अ‍ॅसिटिक आम्लाच्या पाण्यात सुमारे १८ तास घुसळतात आणि पाण्यात किती धातू उतरला ते मोजतात. म्हणजे राख ओल्या कचऱ्यात गाडली तर काय होईल, त्याचीच ही नक्कल. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत या पाण्यासाठी मर्यादा आहेत: शिसं ५, कॅडमियम १, क्रोमियम ५, आर्सेनिक ५ आणि पारा ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. एकही आकडा ओलांडला तर ती राख घातक कचरा ठरते आणि नगरपालिकेच्या डेपोवर तिला जागा नाही. ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या घातक कचरा केंद्रावरच जायला हवी. आपल्याला जवळचं म्हणजे पुणे जिल्ह्यातलं रांजणगाव. वाहतुकीच्या मॅनिफेस्टची (कचरा कुणी, कुठून, कुठे नेला त्या नोंदपत्राची) प्रत फाइलला लावून ठेवा, पुढे कुणी विचारलं तर तोच कागद कामी येतो.

चौथं: डेपोवर राखेची जागा

तपासणीत पास झालेली राखही ओल्या कचऱ्याच्या ढिगावर नको. तिला स्वतंत्र खण हवा, आणि त्याचा तळ २०१६ च्या घनकचरा नियमांत सांगितला होता तसा हवा: ९० सेंटीमीटर दाबलेली चिकणमाती, तिच्यावर १.५ मिलिमीटर जाडीचा एचडीपीई (दाट प्लास्टिकचा) कागद, आणि चिकणमातीच्या तळाखाली भूजलाची पातळी किमान २ मीटर अंतरावर. पातळी उन्हाळ्यात मोजून समाधान मानू नका. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोजा, तेव्हाच खरी कळते.

इथे आपल्या जमिनीबद्दल बोलायला हवं. साताऱ्याच्या पश्चिमेला बहुतेक ठिकाणी वीत-दोन वीत मातीखाली मुरूम लागतो, त्याखाली भेगांचा काळा पाषाण. मुरूम चोपला की वरून कठीण दिसतो आणि ठेकेदार "तळ पक्का झाला" म्हणतो. पण मुरमातून पाणी झिरपतं, आणि खाली पाषाणाच्या फटीत शिरलं की ते कुठल्या विहिरीला निघेल याचा नेम राहत नाही. सांगलीकडच्या काळ्या मातीची गोष्ट उलटी. ओली असताना ती पाणी धरते, पण मार्च-एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वळवाचं पहिलं पाणी थेट खाली उतरतं. काळी माती वापरायची तर ती ओलसर असतानाच थराथराने दाबा आणि सुकू नये म्हणून वर मुरमाचा थर द्या.

शेततळ्याचा कागद इकडे सगळ्यांच्या ओळखीचा आणि सहज मिळणारा. तो बहुधा ५०० मायक्रॉनचा असतो. खणाच्या तळाला लागतो तो १५०० मायक्रॉनचा. तेव्हा तळाला शेततळ्याचा कागद घालून काम भागवू नका. ढिगावर पावसाळ्यापुरतं झाकण म्हणून मात्र तो उत्तम.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: पाणी येऊच न देणं

काळ्या पाण्यावर प्रक्रिया करायच्या यंत्रांची जाहिरात खूप होते. चर खणण्याची होत नाही. पण पैशाला पैसा मोजला तर चर आणि झाकण यांच्याइतकं काम दुसरं काही करत नाही. हा हिशेब कागदावर करून बघा. एक हेक्टर ढिगावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी पडलं. पावसाळ्यात १००० मिलिमीटर धरला तर १ कोटी लिटर. त्यातलं ३० टक्के जरी ढिगात मुरलं तरी ३० लाख लिटर काळं पाणी, म्हणजे १० हजार लिटरचे ३०० टँकर. निम्मा ढीग नीट झाकला तर यातले जवळजवळ १५० टँकर कमी होतात. वरच्या डोंगरउतारावरून वाहत येणारं पाणी या हिशेबात धरलेलंच नाही.

म्हणून आधी वरच्या अंगाला चर. डेपोच्या चढाकडच्या बाजूने, ढिगापासून काही अंतर सोडून, पावसाचं स्वच्छ पाणी बाहेरच्या बाहेर वळवणारा चर काढा आणि त्याला दगडी पिचिंग करा, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत तो खचतो. मग ढिगाला आकार द्या: माथ्याला ३ ते ५ टक्के उतार, बाजूंना १ फूट उंचीला ३ फूट पसारा. माथ्यावर खळगा राहिला की त्यात डबकं साचतं आणि ते सगळं खाली मुरतं. पावसाळ्याआधी ज्या भागावर नवा कचरा पडणार नाही त्यावर ४० ते ६५ सेंटीमीटर दाबलेल्या मातीचा थर २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितला होता. रोज कचरा पडतो तो भाग जमेल तितका लहान ठेवा. टिपर कुठेही रिकामा करू देऊ नका. मुकादमाने रोज सकाळी दोन झेंडे रोवून जागा दाखवावी.

हे सगळं मृगाआधी करायचं असं टेंडरमध्ये लिहिलेलं असतं आणि म्हणून ते जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. आपल्याकडे वळीव एप्रिल-मेमध्येच येतो, वाऱ्यासकट येतो आणि अर्ध्या तासात उन्हाळ्यातल्या आगींची सगळी राख धुऊन नेतो. ओढा तेव्हा कोरडा असतो, पाणी पातळ करायला प्रवाह नसतो. त्यामुळे राखेचं आणि माथ्याच्या उताराचं काम पाडव्याला सुरू करा आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत संपवा. टेंडर त्या हिशेबाने जानेवारीत निघायला हवं.

सांगली-मिरजेला पुराचाही विचार हवा. ऑगस्ट २०१९ चा महापूर सगळ्यांच्या लक्षात आहे. पूररेषेच्या आत राखेचं शेड किंवा काळ्या पाण्याचं तळं बांधूच नका, आणि आधीच असेल तर पावसाळ्यापूर्वी ते रिकामं करणं हे आपत्ती आराखड्यातलं काम समजा.

सहावं: जे पाणी निघेलच त्याचं काय

ढिगाच्या पायथ्याशी खालच्या अंगाला बसून बघा. काळपट तपकिरी, वर इंद्रधनुष्यासारखी तेलकट साय, कडेला पिवळसर फेस: अशी ओळ जिथे दिसते तिथे पायथ्याचा चर हवा. त्यात भोकांचा पाइप, भोवती धुतलेली खडी, आणि शेवटी कागद घातलेलं तळं. तळं भरून वर किमान दीड-दोन फूट मोकळं राहील एवढं मोठं हवं. तळ्यावर पडणारा पाऊसही मोजा.

पाणी ताजं आहे की जुनं यावर उपाय ठरतो. प्रयोगशाळेकडून बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) आणि सीओडी (सगळी घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) दोन्ही घ्या. बीओडी हा सीओडीच्या निम्म्याच्या आसपास असेल तर पाणी ताजं. हवा देऊन, जिवाणूंकडून ते बरंच साफ होतं. एक दशांशाच्या खाली असेल तर पाणी जुनं. त्यात जिवाणूंना खायला काही उरलेलं नाही आणि महिनोन्‌महिने हवा देऊन फक्त वीजबिल वाढेल. अशा पाण्याला रासायनिक प्रक्रिया किंवा आरओ लागतो, आणि आरओ केला की त्यातून उरणाऱ्या खारट पाण्याचं काय करायचं हेही आधीच ठरवावं लागतं.

उन्हाळ्यात हे पाणी कंपोस्टच्या ताज्या ढिगांवर थोडं थोडं शिंपडता येतं. ढिगाला ओल लागतेच. पण राखेचं पाणी मिसळलेलं असेल तर नको, तेच धातू खतात उतरतील. मैलापाणी प्रक्रिया केंद्रावर टँकरने न्यायचं तर मंडळाची परवानगी घेऊन, आणि एकूण मैलापाण्याच्या एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही. रात्रीत चार टँकर एकदम ओतले तर केंद्रातले जिवाणू मरतात आणि अख्ख्या शहराचं मैलापाणी कच्चं नदीत जातं. प्रक्रिया केलेलं पाणी ओढ्यात सोडायची २०१६ च्या घनकचरा नियमांत ठरवलेली मर्यादा लक्षात ठेवा: बीओडी ३०, सीओडी २५०, अमोनियाचा नायट्रोजन ५०, क्लोराईड १०००, शिसं ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर. कर्दळ-बोरूच्या वाफ्यांतून पाणी फिरवणं हा शेवटचा हात म्हणून चांगला. कच्चं काळं पाणी त्यांच्यावर सोडलं तर कर्दळच जळते.

हौदात किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. गाळ काढायला नाही, पंप अडकला म्हणून नाही, एका मिनिटासाठीही नाही. त्या पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. वाढला की त्याचा वास यायचा थांबतो आणि माणूस जागीच कोसळतो. वाचवायला उतरणाराही जातो. पंप साखळीने वर ओढता येईल असाच बसवा.

सातवं: विहिरींची वही

डेपोच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत भूजल तपासायला हवं, उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर. एक विहीर किंवा बोअर चढाकडची हवी, दोन तरी उताराकडच्या. चढाकडची नसेल तर उताराकडच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात पाणी मुळातच क्षारयुक्त असतं आणि खतांमुळे नायट्रेट असतंच. नुसतं नायट्रेट दाखवून डेपोवर बोट ठेवता येत नाही. क्लोराईड, अमोनिया आणि पोटॅशियम एकदम चढले आणि चढाकडच्या विहिरीत ते चढले नाहीत, तर पाणी डेपोचं असण्याचा संशय पक्का धरा.

खिशातल्या टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) दर पंधरवड्याला आकडा घेऊन वहीत तारीख, पाण्याची पातळी आणि आदल्या आठवड्याचा पाऊस लिहा. मीटर धातू दाखवत नाही, पण बदल दाखवतो, आणि बदल दिसला की प्रयोगशाळेचा खर्च कधी करायचा ते कळतं. धातूंसाठी नमुना घेताना बोअर आधी पंधरा-वीस मिनिटं चालवा, प्रयोगशाळेने दिलेली आम्ल घातलेली बाटली वापरा आणि बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी पोचवा. पिण्याच्या पाण्यात शिसं ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंतच चालतं.

जुना ढीग उपसताना

बायोमायनिंगमध्ये (जुना ढीग उकरून, चाळून वेगळा करण्यात) चाळणीखाली जी बारीक माती पडते तिच्यात वर्षानुवर्षांच्या आगींची राख असते. ती काळी, भुसभुशीत, खतासारखी दिसते आणि शेतकरी ट्रॉली घेऊन येतात. तपासल्याशिवाय एक पाटीही देऊ नका. शहरी कंपोस्टची मर्यादा किलोमागे शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम आहे. त्यापुढची माती शेतात नाही, भाजीपाल्याच्या शेतात तर मुळीच नाही. कॅडमियम पालेभाजीत चढतं. कराडने स्वच्छ सर्वेक्षण २०२० मध्ये १ लाखाखालच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळवला. आपल्याच जिल्ह्यातल्या नगरपालिकेने कचरा दारातच वेगळा करून दाखवला आहे, तेव्हा हे शिकायला लांब जायची गरज नाही. वेगळा केलेला कचरा ढिगावर कमी जातो, म्हणजे राखही कमी.

विहीर बिघडली असेल तर

पाण्याला वास, रंग किंवा वर साय आली तर पिणं आणि जनावरांना पाजणं लगेच थांबवा. उकळून उपयोग नाही. धातू उकळून जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण वाढतं. ग्रामसेवकाला आणि तलाठ्याला बोलावून त्यांच्यासमोर दोन बाटल्या भरा, सील करा, सह्या घ्या. एक तपासणीला जाईल, एक राखून ठेवा. चढाकडच्या विहिरीचा नमुनाही त्याच दिवशी घ्या. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातल्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि मुख्याधिकाऱ्यांना किंवा आयुक्तांना. तक्रारीत तीन गोष्टी मागा: पर्यायी पाण्याचा टँकर, डेपोच्या भूजल तपासणीचे मागच्या तीन वर्षांचे अहवाल आणि मंडळाने डेपोला दिलेल्या संमतीपत्राची प्रत. अहवाल नाहीत असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, आणि पोच मिळाल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.